शेपटीचे चाक

दिवाळीला लेक घरी आली. ती बारामतीला विमान चालवायला शिकते. फराळाच्या ताटाशी बसून तिने पहिल्यांदा एकटीने विमान कसे उतरवले ते रंगवून सांगितले. आम्ही सारे कौतुकाने ऐकत होतो. फक्त आमच्या ऐंशी ओलांडलेल्या मामांनी चकली मोडत विचारले,

"तिसरं चाक कुठे होतं?"

"नाकाखाली, मामाआजोबा."

"मग ती तीनचाकी सायकल झाली!"

मी मराठी शिकवते. आमच्या भाषेत ताप उतरतो, चेहरा उतरतो, आणि वर्षभर शिकवलेले मुलांच्या पेपरात उतरत नाही. एवढेच मला उतरण्याबद्दल ठाऊक. मामांनी त्या दुपारी माझी शिकवणी घेतली.

मामा १९६५ साली ज्या विमानावर शिकले ते एच. टी. २. प्रांटल यांचे शिष्य डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात त्याची आखणी केली आणि १९५१ साली ते प्रथम उडाले. दोन चाके पुढे आणि चिमुकले तिसरे शेपटीखाली. अशा विमानाचा भार मोठ्या चाकांच्या मागे असतो. "बाणाचं लोखंडी टोक मागे आणि पिसं पुढे करून फेकून बघ," मामा म्हणाले. बाण उलटतो, तसेच विमान जमिनीवर जरा वाकडे झाले की मागचा भार पुढे यायला बघतो आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेते. नाकाखाली चाक असेल तर भार चाकांच्या पुढे राहतो, म्हणून ते आपसूक सरळ होते.

उतरवायच्या रीती दोन. एकीत जमिनीपासून हातभर उंचीवर विमान तरंगत ठेवायचे, वेग ओसरेल तशी दांडी पोटाकडे ओढत जायची, म्हणजे जणू टेकूच द्यायचे नाही. शेवटी पंखांतले बळ सरते आणि तिन्ही चाके एकदम टेकतात. त्या वेळी नाक वर असल्याने समोरचे काही दिसत नाही, बाजूंनी बघून अंदाज घ्यायचा. दुसरीत विमान आडवे ठेवून पुढची दोन चाके टेकवायची आणि दांडी हलकेच पुढे दाबून धरायची, नाहीतर शेपूट खाली बसते, पंखांना पुन्हा वारा मिळतो आणि विमान बेडकासारखे उडी मारते. डाकोटाचे वैमानिक बहुधा हीच रीत वापरत. दोन्हींत पाय मात्र सुकाणूच्या पट्ट्यांवर सारखे नाचते हवेत. थोडे वळले की लगेच थोडे दाबायचे. वळलेले डोळ्यांना ठळक दिसेपर्यंत थांबलात, तर उशीर झालाच.

"मग तुम्ही सोडलंत का, मामाआजोबा?"

घरात सर्वांना उत्तर पाठ होते : डोळे अधू झाले. मामा जरा थांबले.

"डोळ्यांना काही झालं नव्हतं, बाळ. माझी एकट्याची तिसरी फेरी होती. उजवीकडून वारा होता. तिन्ही चाकं अशी टेकली, की मला वाटलं, मास्तरांनी पाहिलं असेल ना? मी मान वळवून बघितलं. तेवढ्यात विमान वाऱ्याकडे वळलं, गिरकी घेतली, डावा पाय मोडला, पंख घासला. मला खरचटलंदेखील नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून वडिलांनी आईच्या पाटल्या मोडल्या. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही."

माझी आजी भुंड्या हातांनी वावरे हे मला आठवते. आम्हांला वाटायचे, तिला दागिन्यांची हौस नसावी.

कोणी काही बोलेना. लेकीनेच विचारले, अगदी वर्गातल्या शंकेसारखे,

"मान वळवलीत तेव्हा पाय कुठे होते?"

"सैल सोडले होते गं. वाटलं, उतरलो."

"आणि दाबायचा कुठला होता? डावा ना?"

"डावा," मामा म्हणाले. त्यांचा डावा पाय सतरंजीवर घट्ट रोवलेला होता. मग त्यांनी तिला जवळ बसवले आणि वारा कुठून होता ते चकलीच्या तुकड्यांनी मांडून दाखवू लागले.