इस्फहानने नाकारलेला इराणदोस्त

इराणचे अभ्यासक रिचर्ड फ्राय जन्मले अमेरिकेतल्या अलाबामात, शिकवले हार्वर्डमध्ये आणि इच्छा धरली ती इराणमधल्या इस्फहानच्या मातीत, झायंदे रूद नदीच्या काठी दफन होण्याची. कोशकार देहखुदांनी त्यांना ‘इराणदोस्त’ ही पदवी दिली होती. २०१०मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या सरकारने त्यांना इस्फहानात घरही दिले.

२०१४मध्ये फ्राय वारले आणि कट्टरपंथीय रस्त्यावर उतरले. म्हणे, ते हेर होते! दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी हेरखात्यात होते, हे खरेच. पण त्यानंतरची सहा-सात दशके त्यांनी इराणच्या इतिहासालाच दिली. दफनाची परवानगी मिळाली नाही, अखेर अमेरिकेतच दहन झाले. त्याच नदीकाठी आर्थर पोप या अमेरिकी कलाअभ्यासकाची कबर १९६९पासून आहे, हे विशेष.

परक्यावर दार बंद झाले, पण घरच्यांचे तरी काय? ‘गाव’ (म्हणजे गाय) हा गाजलेला इराणी चित्रपट ज्यांच्या कथेवर बेतला, त्या गुलाम-हुसेन साएदींना शाहने तुरुंगात टाकले, इस्लामी क्रांतीने परागंदा केले. पॅरिसमध्ये ते झुरत राहिले आणि १९८५मध्ये तिथेच वारले. पेर लाशेझच्या दफनभूमीत इराणी लेखक सादिक हिदायत यांचा शेजार त्यांना लाभला, तेहरानचा नाही.