१२ जानेवारीचे चार हुतात्मे

शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या दिनदर्शिकेत १२ जानेवारी हा दिवस रिकामा नसतो. जिजामातांची जयंती त्याच दिवशी, स्वामी विवेकानंदांचीही त्याच दिवशी. परिपत्रके निघतात, प्रतिमांना हार पडतात. १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी देण्यात आले, ही आठवण मात्र सोलापूरची वेस ओलांडून फारशी बाहेर येत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ही ती चार नावे. सोलापुरात त्यांचे पुतळे आहेत. पण पुतळा उभारला की इतिहास सांगण्याची जबाबदारी संपली, अशी आपल्याकडे सोयीची समजूत आहे.

इतरत्र त्यांचा उल्लेख झालाच तर तो राष्ट्रीय ऐक्याचा दाखला म्हणून होतो. निरनिराळ्या धर्माजातींचे चौघे एकाच दिवशी फासावर गेले, हे खरेच आहे. तथापि या सुबक चित्रामागे १९३० चा मे महिना झाकला जातो.

५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापूर हे गिरणीकामगारांचे शहर. कामगार काम टाकून रस्त्यावर आले. ८ मे रोजी जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. संतापलेल्या लोकांनी मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर चाल केली, न्यायालयाच्या इमारतीला आग लावली. या दंगलीत दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरातून सरकारचा अंमल जवळजवळ उठल्यासारखा होता. मग १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो ३० जूनपर्यंत राहिला.

सोलापूरचे धैर्य ८ मेच्या जमावात शोधण्यापेक्षा या सात आठवड्यांत शोधणे अधिक उचित होईल. हजारोंच्या गर्दीत अंगी येणारी हिंमत वेगळी आणि निर्मनुष्य रस्त्यावर सशस्त्र शिपायासमोर एकट्याने दाखविण्याची हिंमत वेगळी. राष्ट्रध्वज बाळगल्याबद्दल तेव्हा सक्तमजुरी होत असे. डोक्यावरच्या गांधी टोप्या हिसकावल्या जात. तुळशीदास जाधवांनी रोखलेल्या बंदुकीपुढेही आपली टोपी उतरविली नाही. टोपी ती काय, दोन-चार आण्यांचे खादीचे कापड! पण ती डोक्यावर ठेवण्याची किंमत त्या दिवसांत कोणत्या दराने मोजावी लागे, हे नुसत्या सनावळ्यांतून विद्यार्थ्यांना कळणार नाही.

पोलिसांच्या खुनाचा खटला या चौघांवर चालला. धनशेट्टी काँग्रेसचे कार्यकर्ते होते. कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारे आणि ‘गझनफर’ हे पत्र चालविणारे. शहराला धडा शिकवायचा म्हणून वजनदार माणसे हेरून गोवली गेली, असे सोलापूरकरांनी तेव्हाही मानले आणि आजही ते मानतात. लष्करी कायद्याच्या छायेत गोळा झालेल्या पुराव्याकडे कोणी संशयाने पाहिले तर त्याला दोष देता येणार नाही. अपिलाचा उपयोग झाला नाही.

हा इतिहास वर्गात सांगताना शिक्षकांना दोन पोलिसांच्या मृत्यूपाशी अडखळल्यासारखे होते आणि मग ते वाक्यच गाळले जाते. वस्तुतः ते गाळण्याचे कारण नाही. ते पोलीसही याच मातीतले नोकरदार होते. त्यांचा मृत्यू दडवला तर चौघांवर आरोप काय होता हेच मुलांना कळत नाही, आणि आरोपच ठाऊक नसेल तर अन्याय कसा समजणार?

ज्या दिवशी ही फाशी झाली त्या दिवशी गांधीजी त्याच येरवड्याच्या तुरुंगात बंदिवान होते. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला त्यांची सुटका झाली. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला आणि देशभरच्या तुरुंगांतून सत्याग्रही बाहेर पडू लागले. करारातील माफी हिंसेचा आरोप नसलेल्या कैद्यांपुरती होती. सोलापूरचे चौघे तोवर जिवंत असते, तरी त्यांच्या कोठडीचे कुलूप या कराराने उघडले नसते.