पहिली महिला वैमानिक : कशात पहिली, तेही मुलांना सांगा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, जालना



८ मार्च आला की शाळाशाळांत कर्तबगार स्त्रियांची माहिती वाचली जाते, सामान्यज्ञानाच्या परीक्षा होतात. ‘भारताची पहिली महिला वैमानिक कोण?’ हा त्यातला हमखास प्रश्न. उत्तर ठरलेले : सरला ठकराल, १९३६.

सरलाबाईंचा पराक्रम खराच आहे. एकविसाव्या वर्षी, साडी नेसून, लाहोरला त्यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले. पण उर्मिला पारीख यांना वैमानिकाचा परवाना त्याआधीच, १९३२ मध्ये मिळाला होता. व्यावसायिक वैमानिक म्हणून पहिली नोकरी मिळवली प्रेम माथूर यांनी, हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये. तेव्हा आपला जालनाही हैदराबाद राज्यातच होता. इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या महिला वैमानिक दुर्बा बॅनर्जी. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर केवळ महिलांनी फोकर विमान नेले; त्याच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. याच निवेदिता १ जानेवारी १९९० रोजी, २६व्या वर्षी, जेट विमानाच्या कमांडर झाल्या. त्या वेळी हा मान मिळवणाऱ्या त्या जगातल्या सर्वांत तरुण महिला. त्यांचे ते उड्डाण होते मुंबई-औरंगाबाद-उदयपूर, म्हणजे आपल्या शेजारच्या चिकलठाणा विमानतळावरून जाणारे!

यातल्या बहुतेक जणी कशात ना कशात पहिल्या आहेत. पण कोणी परवान्यात, कोणी नोकरीत, कोणी कप्तानपदात. हा तपशील गाळला की एकीच्या नावावर दुसरीचे श्रेय चढते आणि उरलेल्या मुलांच्या वह्यांतून नाहीशा होतात. ‘जगातली सर्वांत तरुण’ हे बिरुदही सालाशिवाय लिहिले, तर आज ते खोटे ठरू शकते. खऱ्या कर्तृत्वाला फुगवलेल्या विशेषणांची गरज नसते. उलट एक दावा खोटा निघाला की खऱ्या कामावरही संशय घेतला जातो, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो जरा लवकरच घेतला जातो.

म्हणून विनंती आहे. जिल्ह्यातल्या शाळांसाठी माहितीपत्रके, भित्तिपत्रके, प्रश्नपत्रिका तयार होताना ‘पहिली’ या प्रत्येक दाव्यापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात : कशात पहिली, कोणत्या संस्थेत, कोणत्या साली, आणि आधार कोणता. परवान्याची नोंद किंवा त्या काळचे वृत्तपत्र यांपैकी काहीच नसेल, तर तो दावा छापू नये. वरच्या वर्गांतल्या मुलामुलींनाच हे पडताळणीचे काम प्रकल्प म्हणून द्यावे. येत्या ८ मार्चपूर्वी तसे परिपत्रक काढावे, ही कळकळीची मागणी.

आपली,
जालन्यातील एक पालक