भाकर सोडली, पेग सोडला नाही

किटो डाएट करणाऱ्या मंडळींत एक समज पक्का रुजला आहे: बिअर नको, तिच्यात कार्ब असतात, व्हिस्की चालते. अमरावती-अकोल्याकडच्या पार्टीत मग ताटातली भाकर आणि चिवड्याचा चकणा बाजूला होतो, मटण, पनीर, उकडलेली अंडी राहतात आणि ग्लास भरला जातो. व्हिस्कीत कर्बोदके नसतात हे खरेच आहे. घात यकृतात होतो.

दोन्ही वेळ भाकर, वरण-भात खाणाऱ्याच्या यकृतात साधारण 80 ते 100 ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते. रात्रभर रक्तातली साखर टिकते ती त्याच्या जोरावर. किटोत दिवसाची कर्बोदके 20 ते 50 ग्रॅमवर आणली जातात आणि हा साठा एक-दोन दिवसांत तळाला जातो. मग यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून थोडी थोडी साखर नव्याने घडवते, मेंदूला चरबीपासून बनवलेले किटोनही पुरवते. निरोगी माणसाचे त्यावर भागते. पण पोटात दारू गेली की यकृताला आधी तिचा निकाल लावावा लागतो, कारण ती शरीरात साठवता येत नाही. या कामात पेशींचे रसायन असे पालटते की नवी साखर घडवणे थंडावते. कोठार रिकामे आणि कारखानाही बंद.

निरोगी माणसाला बहुधा लवकर चढते, सकाळ जड जाते आणि तो त्यातून निभावतो. मात्र साखर फार घसरली तर घाम येतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, शुद्ध हरपते. बघणाऱ्याला ही सगळी दारू चढल्याचीच लक्षणे वाटतात. ‘चढली त्याला, झोपू द्या’ म्हणून मित्र दिवा मालवतात. दारू पिऊन झाल्यावर काही तासांनी, पहाटेही साखर घसरू शकते, आणि तेव्हा जवळ कोणी जागे नसते.

खरी काळजी मधुमेहींची आहे, कारण किटोकडे वळणाऱ्यांत तेच पुष्कळ. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना भाकर सोडायची आणि वर पेग घ्यायचा, हा जिवाशी खेळ आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याचा धोका वेगळा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यात कर्बोदके कमी झाली आणि दारू पडली की रक्तात किटोन आम्ल साचू शकते, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू होतो. ग्लुकोमीटर 180 दाखवतो, घरचे निर्धास्त होतात आणि दोष कालच्या पार्टीला जातो.

किटोशी आमचे वैर नाही. अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार 1921 पासून वापरात आहे. अमेरिकेत 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दारू सोडवण्यासाठी दाखल केलेल्या रुग्णांना किटो आहार दिला, तर त्यांना शामक औषधे कमी लागली. पण ते रुग्णालयात होते, दारूपासून दूर होते. उलट उंदरांवरच्या एका प्रयोगात किटोवर असलेल्यांच्या रक्तात तेवढ्याच दारूने पाचपट अल्कोहोल आढळले. हा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

म्हणून डाएटचा तक्ता हाती देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो की जिमचा ट्रेनर, दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: दारू घेता का, आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत? दारू सोडा सांगणाऱ्या गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या या मुलखात पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा खाली मान घालून मिळते किंवा मिळतच नाही. ते लाज न वाटू देता काढून घेणे हे विचारणाऱ्याचे काम आहे.

आणि रिकामे यकृत काही हौशी डाएटवाल्यांचेच नसते. मेळघाटात अर्धपोटी माणूस मोहाची दारू पितो तेव्हा त्याच्या शरीरातही हेच घडते, फक्त उपासमार त्याने निवडलेली नसते. अमरावतीचे इर्विन रुग्णालय असो, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय असो की धारणी-चिखलदऱ्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र, दारू पिऊन बेशुद्ध आलेल्या प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून साखर आधी तपासली गेली पाहिजे. किटोनची पट्टी आणि ग्लुकोजच्या सलाइनसोबत द्यायचे थायमिनचे इंजेक्शनही तिथे हाताशी हवे. यातले काहीही महागडे नाही.