तापू आणि तीर्थ

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ शहराचा वास मोटारीतून उतरायच्या आधीच येतो. नासकं अंडं आणि जळका फटाका यांच्या मधला. तिथून २७ किलोमीटर दक्षिणेला वाय-ओ-तापू नावाची जागा आहे. तिकीट काढायचं, हातात नकाशा घ्यायचा आणि लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून चालायला लागायचं. दोन्ही बाजूंना जमीन अक्षरशः शिजत असते. कुठे चिखल डाळीसारखा रटरटतो आहे, कुठे खड्ड्यातून नुसती वाफ. आणि रंग! शिमग्यात कुणी गुलालाची पोती सांडून गेल्यासारखे. एका कुंडाचं पाणी पोपटी हिरवं, त्याला तिकडचे लोक सैतानाची न्हाणी म्हणतात. गंधक आणि लोहाचे क्षार मिसळून तो रंग येतो. सगळ्यात मोठं कुंड ६५ मीटर रुंद आणि साठ मीटरच्या वर खोल. सुमारे ९०० वर्षांपूर्वी जमीन फुटून ते तयार झालं. वरच्या पाण्याचं तापमान ७४ अंश आणि काठाला शेंदरी रंगाची झालर. ती झालर अँटिमनी आणि आर्सेनिकच्या गंधकी खनिजांची आहे. त्यातलं आर्सेनिकचं खनिज म्हणजे आपला हरताळ, पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला जुने लेखक वापरत तोच. आपण आयुष्यभर कशा ना कशाला हरताळ फासत असतो, पण तो मूळ जागी पाहायला मला इतक्या लांब जावं लागलं.

मला त्या रंगांपेक्षा नावाने जास्त धरून ठेवलं. माओरी भाषेत 'वाय' म्हणजे पाणी आणि 'तापू' म्हणजे पवित्र. आपल्या कानाला त्यात ताप ऐकू येतो, तो निव्वळ योगायोग. पण तापू म्हणजे आपण समजतो तसं पवित्र नव्हे. त्यात 'हात लावायचा नाही' हा अर्थही आहे. 'टॅबू' हा जगभर गेलेला शब्द याच शब्दकुळातला, पॅसिफिकमधल्या टोंगा बेटावरून इंग्रजीत गेलेला. जे पवित्र, त्याच्यापासून चार पावलं लांब उभं राहायचं.

आमचं बरोबर उलट. जे पवित्र, त्यात आधी उतरायचं.

इथे राजापूर आठवल्याशिवाय राहात नाही. पेडण्यातून पहाटे निघालं तर बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, खारेपाटण करत न्याहारीच्या वेळेला माणूस राजापुरात पोचतो. अर्जुना नदीच्या काठी उन्हाळे गाव. नाव वाचून नव्या पिढीला मे महिना आठवतो, पण इथलं 'ऊन' ते नव्हे. ऊन म्हणजे गरम. आपण गोव्यात हून उदक म्हणतो, तेच. दापोलीकडचं उन्हवरे, जळगावकडचा उनपदेव, सगळे त्याच घराण्यातले. भूगोलाच्या पुस्तकात 'उष्णोदकाचे झरे' लिहिणाऱ्यांना हा दोन अक्षरी शब्द का सुचला नसेल, देव जाणे!

गावात महिषासुरमर्दिनीचं देऊळ आहे, गरम पाण्याचा झरा आहे आणि वर टेकडीवर गंगातीर्थ. ही राजापूरची गंगा. चौदा कुंडं, एरवी कोरडी असतात आणि एक दिवस अचानक भरून वाहू लागतात. पूर्वी साधारण तीन वर्षांनी यायची आणि दोन-तीन महिने राहायची. अलीकडे तिचं वेळापत्रक पार बिघडलं आहे. ती आल्याची बातमी फुटली की रत्नागिरी, सिंधुदुर्गापासून आपल्या पेडणे-डिचोलीपर्यंत माणसं गाड्या भरून निघतात. मोरोपंतांनी या गंगेवर काव्य केलं आहे. एवढ्याशा जागेत एका कुंडाचं पाणी थंड, शेजारच्याचं कोमट, हे पाहिलं की नास्तिक माणूसही क्षणभर गप्प होतो.

या पाण्याबद्दल दोन गैरसमज हमखास ऐकू येतात. पहिला, खाली ज्वालामुखी आहे. सह्याद्री लाव्ह्याचा, त्यामुळे तर्क सोपा वाटतो. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला, आता त्याच्यावर चहाही गरम व्हायचा नाही. रोटोरुआला खाली खरोखरच तप्त शिलारस आहे, कोकणात नाही. आपल्याकडे पावसाचं पाणी किनाऱ्याला समांतर गेलेल्या भेगांतून खूप खोल उतरतं. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश या हिशेबाने. ते पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेने भराभर वर येतं, वाटेत निवायला सवड न घेता. पालघरपासून राजापूरपर्यंत ही माळ तीनशेहून अधिक किलोमीटर पसरली आहे. गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि टोकाला उन्हाळे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे हात घालून दाखवा!

दुसरा गैरसमज गंधकाचा. जिथे गरम पाणी तिथे गंधक आणि जिथे गंधक तिथे त्वचारोगावर रामबाण. थोडा वास येतो हे खरं, पण या झऱ्यांत गंधकापेक्षा मीठच जास्त. म्हणून तर वाय-ओ-तापूसारखे रंग इथे नाहीत. आपल्या हरमलच्या गोड्या तळ्यापाशी पिवळी माती अंगाला फासून बसलेले पाहुणे तुम्ही पाहिले असतील. तीही 'गंधकाची' म्हणूनच खपते.

आता मुद्द्यावर येतो. परदेश पाहून आलेला माणूस लिहायला बसला की पुढचा परिच्छेद ठरलेला असतो: त्यांची स्वच्छता आणि आमची घाण. तो मी लिहिणार नाही, निदान पुरता लिहिणार नाही. कोकणातल्या एका कुंडावर (नाव घेत नाही) साबणाची वेष्टनं, शांपूच्या पुड्या आणि चारी बाजूंनी न्हाणीघरातल्या फरशा मी पाहिल्या आहेत. पाणी कुठून फुटतं तेच दिसेनासं झालं होतं. वाईट वाटलं. पण वाय-ओ-तापूला तरी काय चालतं? तिथे एक कारंजं आहे, लेडी नॉक्स नावाचं. ते रोज सकाळी सव्वादहाला उडतं. निसर्ग इतका वक्तशीर कसा? तर एक माणूस येतो, चार शब्द बोलतो आणि त्याच्या तोंडात साबण ओततो! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कैद्यांनी कपडे धुताना ही युक्ती नकळत शोधली म्हणतात. पवित्र पाण्याच्या नावाखाली रोज साबण ओतायचा आणि भोवती बाकांवर बसून टाळ्या वाजवायच्या. त्या मानाने आमची राजापूरची गंगा अजून कुणाच्या घड्याळाला बांधली गेलेली नाही. ती येईल तेव्हा येते, नाही आली तर लोक वाट पाहतात. वाट पाहणं हेही एक प्रकारचं तापूच, नाही का?

त्यांच्याकडून शिकायचं ते फळ्यांच्या पायवाटेत नाही. रोटोरुआत घरोघरी, हॉटेलाहॉटेलांत बोअर मारलेल्या होत्या. फुकटचं गरम पाणी, ज्याला हवं त्याने जमिनीत नळी घालावी आणि अंघोळीला, घर उबदार ठेवायला वापरावं. हळूहळू कारंजी मंदावली. पापाकुरा नावाचं कारंजं १९७९ मध्ये थांबलं, तेव्हा लोक जागे झाले. वाद झाले, अभ्यास झाले आणि १९८६ मध्ये सरकारने पोहुतू या मोठ्या कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या सगळ्या बोअर बंद करायचा हुकूम काढला. शंभराच्या वर बोअर बुजवल्या. लोक चिडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण जमिनीखालचं पाणी पुन्हा वर चढू लागलं आणि २०१५ मध्ये, छत्तीस वर्षांनी, पापाकुरा पुन्हा उडू लागलं. एका गावाने आपल्या न्हाणीघरातल्या सुखावर पाणी सोडलं म्हणून हे झालं.

तुयेच्या माणसाला हे कशाला सांगायचं? आमच्याकडे नाव घेण्यासारखं उन्हाळं नाही. आहे तो जांभ्या दगडाचा सडा. बाहेरच्या माणसाला तो ओसाड वाटतो, सरकारी कागदांतही बहुधा तसाच असतो. ऑगस्टमध्ये तुयेच्या सड्यावर चालून पाहा. सीतेच्या आसवांची निळीजांभळी चादर, मधे पिवळे ठिपके, पांढऱ्या गेंदांचे तुरे, काळ्या कातळावर साचलेल्या पाण्यात ढग. तिकीट नाही, नकाशा नाही. चिऱ्याच्या खाणीची उभी भिंत पाहा: वर तांबडा, खाली पिवळा, त्याखाली गुलाबी-पांढऱ्या शेडीचे पट्टे. रंगांचं एवढं वेड असेल तर तेही इथे आहेत.

आणि पाणी? जांभा भोकाभोकांचा, चाळणीसारखा. सड्यावर पडलेला पाऊस तो पितो. खालची शेडी पाणी पुढे सोडत नाही, म्हणून पाणी तिच्यावरून सरकत सड्याच्या पायथ्याशी झर होऊन फुटतं. त्या झरीवर कुळागरं, वायंगण शेती, देवाची तळी. पेडण्यातली निम्मी देवळं कुठे बांधली आहेत ते आठवा: जिथे सडा संपतो आणि पाणी सुरू होतं तिथे. आमच्या पूर्वजांनी भूजलशास्त्र लिहिलं नाही, देव बसवला.

आता सड्यावर औद्योगिक वसाहत आहे, इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वेगळी जमीन आखून ठेवली आहे. पलीकडे मोपच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरताहेत. कारखाने नकोत असं मी म्हणणार नाही. तुयेच्या मुलांनी नोकरीसाठी किती दिवस वेर्ण्याला जायचं? पण सड्यावर डांबर आणि काँक्रीट घातलं की चाळणीची भोकं बुजतात, आणि जे थोडं आत जातं ते बोअर वर ओढते. गोव्यात भूजल नियमनाचा कायदा २००२ पासून आहे. विहीर किंवा बोअर मारायची तर परवानगी, टँकरने पाणी न्यायचं तरी परवानगी. कागदावर रोटोरुआपेक्षा आपण मागे नाही. एप्रिल-मे महिन्यात रस्त्यावरून जाणारे टँकर मोजा आणि त्यांतल्या किती जणांकडे तो कागद असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

माझं म्हणणं एवढंच, की सड्यावर काही बांधायला परवानगी देण्याआधी त्याच्या पायथ्याच्या झरी मोजा. उन्हाळ्यात किती वाहतात, पावसानंतर किती, हे पंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवा. सगळ्यात जवळच्या झरीपासून अमुक अंतरात बोअर नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्या. तिथे दीड किलोमीटर ठरवलं, इथे काय ठरवायचं ते भूजलाचे जाणकार सांगतील. त्याला मंत्री लागत नाही, कोरम लागतो.

यावर आमच्या वाड्यावरचे एक आजोबा मला म्हणाले, "मोजतलो कोण रे? नळाक पाणी आसा मरे." चांदेलचं नळाचं पाणी आल्यापासून झरीवर कुणी घागर नेत नाही, हे खरंच आहे. मीही नेत नाही. परवा मुद्दाम उतरून गेलो तर वाट रानाने भरलेली, कोयत्याने झुडपं तोडत जावं लागलं. झर मात्र वाहत होती. करंगळीएवढी, पण वाहत होती. एक लिटरची बाटली लावून पाहिली. भरायला चाळीस सेकंद लागले. तारीख घालून लिहून ठेवलं आहे.