वेष आणि व्यय

नवा वेष धारण करून घटकाभर निराळें व्हावें, ही हौस मनुष्यमात्रास उपजतच आहे. आणि आमच्या सातारा-सांगलीकडे तिची परंपरा मोठी आहे. दारीं येणारा बहुरूपी एक जुना कोट व चुरचुरीत वाणी एवढ्या भांडवलावर साऱ्या आळीस हंसवीत असे. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें, आणि मराठी नाटकाचा पाया घातला गेला. तेव्हां आमचा आक्षेप सोंगावर नाहीं. त्यापायीं होणाऱ्या खर्चावर आहे.

हा खर्च कोठवर जाऊं शकतो, हें अमेरिकेकडे पाहिलें म्हणजे कळतें. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती मंडळींत सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस. त्याची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. २०२३ सालीं त्या एका सणासाठीं लोक १,२२० कोटी डॉलर खर्चितील, व त्यांपैकीं सुमारें ४१० कोटी वेषांवरच जातील, असा तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघाचा अंदाज होता. संत मागें राहिले, दुकान पुढें आलें!

परंतु आपण त्यांस हंसूं नये. गोकुळाष्टमीचा कृष्ण, नाताळांतील तांबडा सांता, शाळेची वेषभूषा-स्पर्धा, या सर्वांचे वेष आतां विकत किंवा भाड्यानें आणिले जातात. मजुराच्या घामाचा पैसा एका सायंकाळीं संपतो. ज्याच्या घरीं तेवढेंही साधत नाहीं, तें मूल पोटदुखीचें निमित्त सांगून घरीं राहतें. असें मूल कोणत्या शिक्षकानें पाहिलें नाहीं?

शिंपी व दुकानदार यांचें पोट त्यावर चालतें, असें कोणी म्हणेल. खरें, परंतु वर्षभर वापरतां येणारा सदरा शिवविला तरी शिंप्यास मजुरी मिळतेच.

आनंद व परोपकार यांची सांगड घालतां येते, याचें उदाहरणही अमेरिकेंतच आहे. १९५० सालीं पाळक क्लाइड ॲलिसन व त्यांच्या पत्नी मेरी एम्मा यांच्या प्रेरणेनें मुलांनीं हॅलोवीनच्या रात्रीं दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून नाणीं गोळा केलीं. जमले अवघे १७ डॉलर. ते गरजू बालकांसाठीं युनिसेफकडे धाडले. पुढें ती चाल देशभर पसरली.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शाळेच्या स्पर्धेंत विकतचा वा भाड्याचा वेष घेऊंच नये. आईचें जुनें लुगडें, वर्तमानपत्राचा कागद, जोंधळ्याचीं पानें यांतून मुलांनीं स्वहस्तें वेष करावा आणि बक्षीस त्या कल्पकतेस द्यावें. वांचलेला पैसा सोबत्याच्या पुस्तकांसाठीं दानपेटींत टाकावा. मग त्या दिवशीं कोणाचेंही पोट दुखणार नाहीं.