सकाळचे चिपड आणि आपला विवेक

सकाळी डोळ्यांत चिपड येते, काही थेंब द्या, ही मागणी उमरेडच्या आम्हां वैद्यांना व औषधविक्रेत्यांना नित्याची आहे. मिरची-कापसाच्या शेतांत आणि कोळसा खाणीच्या धुळीत वावरणाऱ्यांना डोळ्यांची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. तथापि प्रत्येक चिपडास औषध देणे आम्हांस उचित वाटत नाही.

चरकसंहितेने नेत्रांतील स्नेह मज्जाधातूचा मल मानला आहे. आधुनिक शास्त्रानुसार अश्रूंतील श्लेष्मल द्रव्य, पापण्यांतील ग्रंथींचा स्निग्ध स्राव, झडलेल्या पेशी व धूळ दिवसा पापण्यांच्या उघडझापीने वाहून जातात. निद्रेत ती थांबते. मग हा मल नाकाकडील कोपऱ्यात साचून वाळतो. एवढ्यासाठी अंजन वा थेंब नकोत; हात धुऊन स्वच्छ पाण्याने डोळे पुसणे पुरेसे आहे.

परंतु दिवसभर पिवळा-हिरवा स्राव, लाली, वेदना, प्रकाश असह्य होणे वा अंधूक दिसणे असल्यास रुग्णास त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. नवजात अर्भकाच्या डोळ्यांतून पू येत असल्यास तर विलंब नकोच. शेतात काडी लागलेल्या डोळ्यात बुरशीचा व्रण होऊ शकतो. तेथे चिठ्ठीविना दिलेले स्टेरॉइडचे थेंब दृष्टी हिरावू शकतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात पसरलेली डोळ्यांची साथ मुख्यत्वे विषाणुजन्य होती, हेही विसरू नये.

रुग्णास औषधाविना परत पाठवताना संकोच वाटतो, गल्ल्यावरही परिणाम होतो, हे आम्ही जाणतो. तरीही तो संकोच आपण सर्वांनी सोडावा, ही विनंती.